कॉम्प्युटरनं गल्ली बाहेर काढली

लातुरात आमच्या गल्लीत तेव्हा घराघरांत डॉक्टर तयार होत होते. कंधार, लोहा, निलंगा, कुठून कुठून आलेली पोरं एकेका खोलीत तिघं-तिघं राहायची आणि सकाळ झाली की क्लासची वाट धरायची. मी त्या भानगडीत पडलेच नाही. बी.एस्सी. करत होते, लहान मुलांच्या शिकवण्या घेत होते आणि मला घरात कॉम्प्युटर हवा होता, गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला. अभ्यासाचं नाव सांगितलं असतं तर अण्णांनी लगेच मान डोलावली असती. पण खोटं बोलायचा मला कंटाळा. सरळ सांगितलं, गेमसाठी पाहिजे. अण्णा शिलाई मशीनवरची नजर न काढता म्हणाले, "तुझ्या पैशानं आण मग."

आईची अट वेगळी होती. "आण, पण घर हादरवणारं काही नको. ती गिरणी हाय तेवढी पुरे."

शेजारच्या पिठाच्या गिरणीनं तिचा जीव आधीच अर्धा केला होता. भूकंपात निलंग्याकडचं तिचं माहेर बसलं आणि तिची धाकटी बहीण त्यात गेली. तेव्हापासून आमच्या लोखंडी रॅकवर पालथ्या स्टीलच्या पेल्यांची उतरंड असायची. जमीन हलली की पेले आधी पडतील आणि आपल्याला पळायला वेळ मिळेल, म्हणून. भूकंपाच्या वर्षी पुष्कळ घरांत असे पेले रचलेले असत. बाकीच्यांनी पुढं ते वापरायला काढले, आईनं दहा वर्षं होत आली तरी काढले नव्हते.

नवा कॉम्प्युटर माझ्या आवाक्यातला नव्हता. नांदेडला एक चाचा जुने-नवे सुटे भाग विकायचे, म्हणून एसटीनं तिथं गेले. त्यांनी आधी एक चकचकीत कॅबिनेट पुढं केलं.

"बेटा, हे बघ, समोर निळी लाइट लागते. लई चालून राहिलंय सध्या."

"लाइट आमच्या घरात हाय, चाचा. मला साधं पत्र्याचं द्या. मदरबोर्ड मात्र नवा पाहिजे."

"प्रोसेसर जुना अन् बोर्ड नवा? लोक उलटं करतात."

लोकांचं लोकांपाशी. लातुरात स्लॅब टाकताना खांबांच्या सळया वर सोडून ठेवतात, पुढंमागं पैसे आले की मजला चढवायला. मी तेच करत होते. मदरबोर्ड असा घेतला, की त्यात मेमरीची आणि ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी राहील. वीज पुरवणारा डबाही गरजेपेक्षा जरा मोठा घेतला. बाकी प्रोसेसर, त्याचा पंखा, हार्ड डिस्क, गलेलठ्ठ मॉनिटर, सगळं जुनं. सळयांचं सांगितल्यावर चाचा हसले आणि मॉनिटर बांधायला सुतळी त्यांनी आपल्याकडची दिली.

रविवारी चटईवर सगळं मांडून मीच जोडलं. बटण दाबल्यावर एक टूँ झालं आणि पडदा उजळला. मला इतका आनंद झाला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कॅबिनेट रॅकच्या खालच्या कप्प्यात सरकवलं आणि गेम सुरू केला. पहिल्याच वळणावर पंखा जोरात फिरायला लागला, पातळ पत्रा थरथरला, पत्र्याबरोबर रॅक थरथरला आणि वरची उतरंड खळाळत खाली आली.

आईनं अण्णांना मशीनवरून ओढलं, मला दंडाला धरलं आणि "भूकंप, भूकंप" करत बाहेर. तिचा आवाज ऐकून गल्लीतल्या खोल्याखोल्यांतली सगळी पोरं रस्त्यावर आली, कुणी बनियनवर, कुणी हातात जाडजूड पुस्तक धरून. सगळे जमिनीकडं बघत उभे. माझं लक्ष विजेच्या तारांकडं गेलं. त्या जागच्या हलत नव्हत्या. मी आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर येऊन खरं काय ते सांगितलं. पोरं पोट धरून हसली. आई हसली नाही.

"उद्या नांदेडला परत देऊन ये," ती म्हणाली.

मला तिची दया आली आणि रागही आला. एवढ्या खटपटीनं उभं केलेलं मी असं सोडणार नव्हते. "एक दिवस दे," म्हटलं. दुसऱ्या दिवशी पंखा सोडवला. त्याच्या एका पात्यावर जुना मळ दगडासारखा बसला होता, तो खरवडला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून प्रत्येक स्क्रूखाली घातल्या आणि कॅबिनेटच्या पायांखालीही. मग आईला बोलावलं. कॅबिनेट त्याच कप्प्यात ठेवलं आणि म्हटलं, "रच पेले."

तिनं रचले. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नेहमीपेक्षा एक जास्तच चढवला. अण्णांनी शिलाई थांबवली. मी गाडी सोडली. पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि मी पडद्याकडं कमी, पेल्यांकडं जास्त बघत होते. तीन गाड्या मागं टाकल्या तरी वरचा पेला हलला नाही. शर्यत मी जिंकले, आणि अशी ओरडले की अण्णांनी कानावर हात ठेवले.

"परत खेळ," आई म्हणाली. तिची अजून खात्री पटली नव्हती.

ती भिंतीला टेकून बसली, उतरंडीवर नजर ठेवून. मी दुसरी शर्यत खेळले, तिसरी खेळले. पुढं त्या रिकाम्या जागांत मेमरी आली, कार्ड आलं, कितीतरी मोठे गेम चालले, पण त्या दुपारसारखं जिंकणं मला परत भेटलं नाही. चौथ्या शर्यतीत मागं वळून पाहिलं तर आईचे डोळे मिटले होते. भूकंपापासून ती ओसरीत, चपला उशाशी घेऊनच झोपायची. घराच्या आत तिला झोपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होते. अण्णांनी मला खुणेनं सांगितलं, बंद करू नको. मी आवाज तेवढा कमी केला आणि ती उठेपर्यंत गाडी पळवत राहिले.