भरदुपारचं आकाश

आमच्या शाळेत घड्याळं दोन होती. एक ऑफिसातलं, ते कायम मागे पडायचं. आणि दुसरं म्हणजे भूगोलाच्या बाई. बाई पर्स काखोटीला मारून उठल्या की बाहेर ऊन उतरलं असणार, हे खिडकीतून न बघता सांगता यायचं. मीटिंग चालू असो, गॅदरिंगची तालीम असो, शिक्षकांच्या खोलीतलं भांडण ऐन रंगात आलेलं असो, बाई वाक्य अर्धं टाकून निघत. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते एकदा म्हणाले, "बाईंच्या घरी दिवे लावायला दुसरं कुणी नाही वाटतं." त्या दिवसापासून अख्खी शाळा त्यांना पाठीमागे दिवेलागणीच्या बाई म्हणायला लागली. बाईंना ते ठाऊक होतं. त्या हसायच्या आणि चपला घालायच्या.

शाळा अंबरनाथ पश्चिमेला आणि बाई राहायच्या बदलापूर गावात. मी तेव्हा नुकतीच गणित शिकवायला लागले होते. माझं घर स्टेशनच्या वाटेवर, त्यामुळे बाईंची सोबत आपसूकच माझ्याकडे आली. एका हिवाळ्यात पेपर तपासण्याच्या नादात आम्हाला उशीर झाला. फाटकाबाहेर पडलो तर चांगलंच अंधारलेलं. बाईंनी माझं कोपर असं काही धरलं की मी दचकलेच. "पायरी आली की सांग गं," त्या म्हणाल्या. समोर पायरी होती आणि वरती दिवासुद्धा होता.

चालता चालता त्यांनी सगळं सांगून टाकलं. रातांधळेपणा, लहानपणापासूनचा. डॉक्टर म्हणाले होते की आता दिवसाचं दिसणंही चारही कडांनी आत आत येत जाईल आणि एक दिवस मिटेल. शाळेचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात बाई हे बोलल्या. मग म्हणाल्या, "मोठ्या सरांना कळू देऊ नकोस. न दिसणारी बाई नकाशा काय शिकवणार, असं म्हणतील." मला रडू आलं ते मात्र त्यांना अंधारात दिसलं नाही.

गंमत अशी की अंधाराला एवढ्या बिचकणाऱ्या या बाईंचं शिकवणं अंधारातच खुलायचं. खिडक्यांना खाकी कागद लावून त्या वर्ग काळोखा करायच्या, कुठूनतरी मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर चित्रपट्टी लावायच्या, आणि वीज गेली तरी बोलत राहायच्या. शिकवण्याच्या प्रत्येक साधनाला त्यांचा एकच प्रश्न असायचा: "आत शिरता येतं का?" नकाशात शिरता यायचं नाही. पृथ्वीच्या गोलाच्या तर बाहेरूनच हिंडावं लागायचं. मग बाईंनी बाकांवर चादरी घालून बोगदे केले आणि सातवीच्या पोरांना शिट्ट्या मारत त्यातून रांगायला लावलं. मोठे सर आवाज ऐकून आले. "बाई, हे काय चाललंय?" बाई चादरीखालून म्हणाल्या, "बोरघाट, सर. आत या." सर आत गेले नाहीत, पण गेले असते तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. दुसऱ्या दिवशी दोन आया फाटलेल्या चड्ड्या घेऊन भांडायला आल्या, त्यांनाही बाईंनी बोरघाट समजावून सांगितला.

मग शाळेत कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी एक खोली रंगवली, पडदे लावले, दाराला भलंमोठं कुलूप आलं. चपला बाहेर काढल्याशिवाय आत जायचं नाही, असा नियम झाला. देवळात पोरं एवढी शिस्तीत वागायची नाहीत. शिकायला मला पाठवलं होतं आणि परत आले ती दोन शिंगं फुटल्यासारखी. पोरं रांगेत यायची, एकेकजण दोनचार बटणं दाबायचा आणि घरी जाऊन आठवडाभर सांगायचा. मी रात्रीच्या आकाशाचा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. महिना बदलला की तारे सरकायचे. माझ्या मते असं काही अंबरनाथात पूर्वी झालं नव्हतं. पहिलं बाईंनाच बोलावलं.

बाईंनी नाक काचेला लावलं. सगळा पडदा त्यांच्या नजरेत एकदम मावत नसे, म्हणून मान इकडून तिकडे नेत त्यांनी ते आकाश ओळीनं वाचलं. "छान केलंस गं," त्या म्हणाल्या. "आत शिरता येतं का?"

मी चिडलेच. "बाई, कॉम्प्युटरमध्ये जगात कुणालाच शिरता येत नाही!"

"मग त्याला बाहेर काढ की."

त्या दिवशी त्या खोलीत, अनवाणी बसून, बाईंनी मला त्यांच्या लहानपणीचं खळं सांगितलं. भात झोडून झालं की सगळी भावंडं पेंढ्यावर निजायची आणि वर बोट करून तारे वाटून घ्यायची. एका वर्षी बाकीच्यांना दिसत होते आणि बाईंना नाही. "मी नुसती हो हो म्हणत गेले," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तारा पाहिला नाही मी. मला एकदा आकाशाखाली निजायचंय, मीना. दिसतंय तोवर. आणि या पोरांनाही निजवायचंय, आपल्याकडच्या धुरात त्यांना तरी कुठे धड काय दिसतं?" माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

मग मी नव्यानं बसले. अख्खं आकाश कलिंगडाच्या फाकांसारखं कापायचं, प्रत्येक फाकेतले तारे हिशेबानं मांडायचे आणि प्रिंटरवर छापायचं. प्रिंटर करकर करत लांबच लांब कागद बाहेर सोडायचा आणि वीज गेली की अर्ध्या तारकासमूहावर थांबायचा. कागद जुळले. आता त्या फाकांचा आत शिरण्याजोगा तंबू शिवायला आकाशाचं कापड हवं होतं, जाडजूड, ज्यातून ऊन गळणार नाही असं. बाई म्हणाल्या, "त्यात काय, कॅम्प तीनला जाऊ."

शेअर रिक्षातून उतरून आम्ही उल्हासनगरच्या त्या गल्लीत शिरलो, जिथे घराघरातून मशिनींचा आवाज येतो आणि दारांत जीन्सचे ढीग असतात. पहिल्याच कारखान्याच्या सिंधी शेठनं विचारलं, "बोलो टीचर, कोणत्या मापाची पाहिजे?" बाई म्हणाल्या, "आकाशाच्या." शेठनं आधी चहा मागवला, मग कागद बघितले, मग पुन्हा चहा मागवला. शेवटी आतून गडद निळ्या कापडाचा एक ताका ओढत आणला. "डाग आहे टीचर, पार्टीनं रिजेक्ट मारला. चलेगा?" बाईंनी कापडावरून तळवा फिरवला. "चलेगा. आकाश कुठे धुतलेलं असतं?"

तारे म्हणजे कापडाला पाडलेली भोकं. ती उसवू नयेत म्हणून बुटाच्या नाडीला असतात तशा पितळी कड्या ठोकायच्या ठरल्या. बाई दर खेपेला म्हणायच्या, "अजून जरा मोठं." शेठ वैतागला. "इससे बडा तारा किया ना टीचर, तो बारिश में पूरा स्कूल भीगेगा." मोठं भोक कशासाठी हवं ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं, तरी त्यानं मोठी कडी शोधून काढली.

थंडीच्या दिवसांत, ऐन दुपारी, शाळेच्या पटांगणात मांडववाल्यानं बांबू वाकवून सांगाडा उभा केला आणि त्यावर ते आकाश चढलं. गडद बाजू आत. ना दिवा, ना प्रोजेक्टर. वरचं ऊन भोकांतून आत येईल तेवढाच उजेड. मोठे सर म्हणाले, "पोरांना भरदिवसा तारे दाखवणार म्हणजे." पोरं बाहेर रांगेत थांबली. पहिल्यांदा आत गेलो बाई आणि मी.

कापडाची कड खाली सोडली आणि पटांगण नाहीसं झालं. आधी नुसता निळा काळोख आणि नव्या कापडाचा वास. मग एकेक तारा लागत गेला. वारा आला की कापड जरा फुगायचं आणि सगळं आकाश श्वास घेतल्यासारखं हलायचं. बाहेर पोरांचा गलका होता, तो फार लांबच्या गावातून यावा तसा यायचा. बाई जमिनीवर उताण्या झाल्या. मीही झाले. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या शेजारी त्यांचा हात वर गेलेला, आणि त्या हाताचं बोट एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, भावंडांबरोबर वाटणी करावी तसं फिरत होतं. त्यांना दिसत होतं.

आणि मग त्या खदखदून हसायला लागल्या. "मीना, दक्षिणेला तोंड कर. हा मृग ना? मग व्याध त्याच्या उजवीकडे कसा? अगं, सगळं उलटं आहे! आरशातलं आकाश आहे हे. ढगांच्या पलीकडून देव बघतो ना, तसं."

शेठला बोलावलं. त्यानं कपाळावर हात मारला. "मार्किंग तो हमेशा उल्टी साइड पे होता है, टीचर! सुलट्या बाजूवर खडू लावला तर मालाला डाग पडतो." त्याच्या कारागिरांनी जन्मभर केलं तसंच केलं होतं: कापड उलटं पसरलं, त्यावर माझे कागद ठेवले आणि खुणा केल्या. उपायही त्यालाच सुचला. पँट शिवून झाली की उलटवतात, तसं आकाश उलटवायचं. पण मग जीन्सची आतली, फिकट पांढुरकी बाजू आत येणार. रात्रीची पहाट होणार.

मी बाईंना बाजूला घेतलं. "असंच राहू द्या. पोरांना काय कळतंय? फिकट कापडावर तुम्हाला तारे दिसणार नाहीत, बाई." त्यांच्यासाठीच तर मी एवढा खटाटोप केला होता.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरं घरी जाणार, रात्री वर बघणार. कुणी वांगणीला, कुणी बारवीकडच्या पाड्यावर. तिथं व्याध डावीकडे निघाला की बाई खोटं बोलल्या म्हणतील. मला दिसावं म्हणून त्यांना चुकीचं दाखवू?" मग एखाद्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "आजची दुपार तेवढी उलटं असू दे. उद्या पलटू."

पोरांना उद्या यायला सांगितलं. बाई एकट्या आत राहिल्या. ऊन उतरलं तेव्हा मी सवयीनं त्यांना हाक मारायला गेले, तर त्या उठेनात. ऊन कमी होईल तसे त्यांचे तारे मंद व्हायला लागले होते. इतरांचे संध्याकाळी उगवतात, बाईंचे मावळत होते, आणि त्या शेवटच्या ताऱ्यापर्यंत बघत राहिल्या. त्या दिवशी दिवेलागणीच्या बाई दिवेलागण होऊन गेल्यावर शाळेतून निघाल्या. मी हात धरून नेलं.

पुढची कित्येक वर्षं दर हिवाळ्यात ते फिकट आकाश पटांगणात उभं राहायचं. वीज जाऊन कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं की पोरं तिकडे पळायची. बाईंना आत फारसं काही दिसत नसे. त्या स्टुलावर चढून बोटांनी पितळी कड्या चाचपायच्या आणि सांगायच्या, ही रोहिणी, या कृत्तिका. पोरांना वाटायचं बाई तारे हातात धरून शिकवतात. पाड्यावरची एक मुलगी सकाळी धावत आली. "बाई, दिसला! तुम्ही दावला तिथंच! पण आमच्याकडं लय हायेत, तुमच्यात कमी पडलेत." बाईंना कोण आनंद झाला. तिला वर उचलून घेतलं, हातात टोच्या दिला आणि म्हणाल्या, "मग पाड तू."

नव्वदच्या पुढे कधीतरी शाळेत रंगीत पडद्याचे कॉम्प्युटर आले. बाईंची नजर तोवर पेन्सिलीच्या टोकाएवढी उरली होती. मोठ्या सरांना कळलंच शेवटी, आणि त्यांनी कुणालाही न सांगता बाईंचे तास तळमजल्यावर आणले. तरी एके दिवशी बाईंनी स्वतःच राजीनामा दिला. तंबू उन्हानं विरला होता, शिवणी सुटल्या होत्या. निरोपाच्या दिवशी शाल बाजूला ठेवून त्यांनी त्यातली एक फाक मागून घेतली.

त्यानंतर मी बदलापूर गावात त्यांच्याकडे गेले तेव्हा शिमगा जवळ आला होता. त्यांना आता उजेडसुद्धा कळत नव्हता. आम्ही अंगणात बसून बोलत होतो. अंधारायला लागलं तशी मी उठले. "बाई, दिवेलागण झाली. घरात चला."

"आता कसली घाई?" त्या म्हणाल्या. मांडीवर ती फाक होती, पांढुरकी बाजू वर, हात लागून लागून मऊ झालेली. "दक्षिणेला तोंड कर. मृग आला का वर?"

"आला."

"व्याध कुठेय?"

"खाली. डावीकडे."

त्यांचं बोट कापडावरून खाली गेलं, डावीकडे वळलं आणि एका कडीवर थांबलं. चेहरा असा खुलला की मला त्या दुपारचं त्यांचं हसू आठवलं. मग त्यांनी कापडाची कड हातानं वर उचलून धरली, बोरघाटाची चादर धरायच्या तशी, आणि म्हणाल्या, "ये. आत ये."

मी चपला काढल्या आणि आत शिरले.