वीस मिनिटांची लाइन

रिसीव्हर कानाला लावायचा, लाइन जिवंत आहे याची खात्री झाली की मान डोलवायची आणि मग फोनची पिन मोडेमला खोचायची. आमच्या बुलेटिन बोर्डाचे मालक हा विधी कधी चुकवत नसत. नवा माणूस आला की त्याला आधीच बजावत, "वीस मिन्टं, राव. लाइन समद्यांची हाय."

तुमच्यापैकी फार थोड्यांनी असा बोर्ड पाहिला असेल. इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. आपल्या संगणकावरून त्यांच्या घरचा नंबर फिरवायचा, त्यांच्या संगणकात शिरायचं, लोकांचे निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि बाहेर पडायचं. मग पुढचा. एका वेळी एकच माणूस. आज ग्रुपवर सगळे एकदम बोलतात आणि कोणी काही वाचत नाही, ती सोय तेव्हा नव्हती.

मालक पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन गेल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले. मी तिथेच नवा इंजिनियर, आणि त्याचा तोरा मला पुरेपूर होता. फ्लॉपीवरून आलेलं परदेशी बोर्डाचं सॉफ्टवेअर त्यांनी महिनाभर वापरलं आणि काढून टाकलं. का, तर ते पाहुण्याला तासभर बसू देतं. मग पुस्तकं आणून, शिफ्ट सांभाळून त्यांनी स्वतःचंच लिहिलं. ते इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतून विचारायचं: नाव काय, गाव कोणतं, घाई आहे का? अठराव्या मिनिटाला 'आटपा आता' यायचं आणि विसाव्याला लाइन तुटायची. मी खूप हसलो होतो. नंतर चूक शोधायला बसलो, तर एकही सापडली नाही.

या घाईला कारण होतं. अख्ख्या गल्लीत तो एकच फोन. निम्म्या गल्लीच्या नोकरीच्या अर्जांवर आणि लग्नपत्रिकांवर पी.पी., म्हणजे शेजारचा फोन, म्हणून त्यांचाच नंबर. घंटी वाजली की ते आधी स्वतः 'हॅलो' म्हणत. माणूस बोलला तर त्या घराला हाक, पलीकडे शांतता असेल तर मोडेमचं बटण. ते घरी नसले की त्यांच्या आई ही कामगिरी बघत.

मला बोर्डावरचं ड्रॉइंगचं एक सॉफ्टवेअर हवं होतं. ते उतरायला दीड तास लागणार होता. माझ्या नावापुरती मर्यादा काढा म्हणून मी तीन आठवडे त्यांच्या मागे लागलो. "बरं न्हाई दिसत, राव," म्हणाले, पण नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. एका रविवारी दुपारी मला लाइन जोडून देऊन ते घरच्या सगळ्यांसह साखरपुड्याला जाणार होते. फाइल उतरली की लगेच बाहेर पडा, एवढंच त्यांनी मला सांगून ठेवलं.

मी फाइल लावली, जेवलो आणि आडवा झालो. जागा झालो तेव्हा साडेपाच वाजले होते. फाइल कधीच उतरली होती आणि लाइन अजून माझ्याकडेच होती.

त्यांच्या समोर परभणीकडच्या एक वहिनी राहायच्या. त्या दुपारी वहिनींची आई गावाकडे शेवटच्या घटका मोजत होती आणि भाऊ तिथल्या एसटीडी बूथवरून पुन्हा पुन्हा पी.पी. नंबर फिरवत होता. दर वेळी एंगेज. दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातला माणूस निरोप घेऊन दारात आला. वहिनी पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वहिनी परत आल्यावर बोर्डाचे मालक त्यांच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. माझ्या मशिनीनं लाइन अडवली, म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मोडेम काढून पेटीत ठेवला आणि बोर्ड कायमचा बंद झाला. मी भेटायला गेलो तर मलाच समजावू लागले, "मर्यादा मी काढली, राव. तुमी न्हाई." मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्यानंतरही वहिनींचे फोन तिथेच यायचे. ते अंगणातून हाक मारायचे, वहिनी येऊन बोलायच्या आणि त्यांच्याकडे न बघता निघून जायच्या. गल्लीत घरोघरी फोन आले तेव्हा तेवढंही थांबलं. हे मी अनेकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि दर वेळी चहा पिऊन घरी आलो.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या मुलीने मला कागदांचा एक गठ्ठा दिला. त्यात त्यांचा पूर्ण प्रोग्राम होता आणि बोर्डावर कोण कधी आलं, कधी गेलं याच्या छापील नोंदी होत्या. मी तो रविवार शोधला. आत शिरल्याची वेळ बारा चाळीस, बाहेर पडल्याची पाच बत्तीस. त्यापुढचं नाव निळ्या बॉलपेनने इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता.

मी तो कागद घेऊन वहिनींकडे गेलो. त्या आता थकल्यात. मी वेळा वाचून दाखवल्या आणि खोडलेल्या जागी माझं नाव होतं, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून त्या निळ्या डागावरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती?"

"नव्हती, वहिनी. माझी होती."

मग कागदाची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली.

"गेल्या वर्षी समोर मयत होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी दार लावून बसले होते."