पार्टनर म्हणणारा माणूस

भागीदार म्हटलं की माणूस हिस्सा विचारतो. भिडू म्हटलं की पत्त्यांचा डाव मोडेपर्यंतचं नातं. पण पार्टनर म्हटल्यावर काय विचारायचं असतं, हे मला उमरखेडात कोणी सांगितलं नाही. साठच्या आसपास हा इंग्रजी शब्द आमच्या बाजारात कोरा करकरीत होता. कापसाचे दलाल तो ऐटीत वापरत, कॅरम खेळणारी पोरं वापरत, आणि फुकटचा चहा पिणारे तर सगळ्यांत जास्त. कोणी आपल्यालाही तसं म्हणावं, असं मला फार वाटायचं.

म्हणणारा एकच भेटला. शाळेतला माझा दोस्त, चांगल्या शेतीवाडीच्या घरचा. आम्ही बौद्ध झालो तसं बापानं गावकीची कामं सोडली, आणि मायनं मला यवतमाळला एका मुसलमान शिंप्याच्या हाताखाली धाडलं. शिकून आलो तेव्हा पायातले चांदीचे तोडे मोडून तिनं मला मशीन घेऊन दिली. दोस्ताच्या बापाची बाजारात एक खोली रिकामी पडून होती. तो म्हणाला, तुही मशीन, माह्यी खोली, आपण पार्टनर. बस्स, मी खूश!

तो समोर बसायचा, गळ्यात फीत टाकून. मी पडद्यामागं, मशीनवर. मापं तोच घेणार. तुह्या हाताला मशीनची सवय हाय, म्हणायचा. त्याचं माप नेहमी ढिलं यायचं. मी ते ओळखून कापड बोटभर आत घ्यायचो. कपडा अंगावर बसला की गिऱ्हाईक त्याची तारीफ करायचं. मग तो पडद्यामागं येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा, पार्टनर, कमाल केली गड्या. तेवढ्यानं माझं पोट भरायचं. पडदा कोणापासून लावला आहे, हे विचारायला नको होतं का मी? पण दोस्तीत असले प्रश्न सुचत नाहीत.

मग शेजारच्या गावच्या पाटलाकडं लग्न निघालं. तेव्हा मोठ्या घरी शिंप्याला मशीनसकट घरी बोलवायची रीत होती. ओसरीवर मशीन मांडायची, आणि घरच्या सगळ्यांचे कपडे शिवून होईपर्यंत शिंप्याचं जेवणखाण तिथंच. दोस्त म्हणाला, दोघं बसू. साऱ्या गावादेखत, उघड्या ओसरीवर, मी माझ्या मशीनवर बसणार! मायला सांगितलं तर तिनं माझा पांढरा सदरा दोनदा धुतला. नवरदेवाच्या कोटाचं अस्तर आणि बटनं आणायला दोस्तानं मला यवतमाळला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत आलो. पडद्यामागं मशीन नव्हती. समोरचा चहावाला म्हणाला, सकाळीच पाटलाच्या बैलबंडीत गेली. मला वाटलं, बरं झालं, दोस्त पुढं जाऊन मांडामांड करत असेल. पिशवी घेऊन मी जवळजवळ पळतच निघालो.

ओसरीवर माझी मशीन होती. तिच्यावर महागावचा एक शिंपी बसला होता, दोस्ताच्या नात्यातला. बाजूला दोस्त, गळ्यात फीत. बाया शिवून झालेले झंपर मांडीवर घेऊन पाहत होत्या. मी अंगणात उभा राहिलो तसं पाटलानं विचारलं, "हा कोण हाय रे?"

दोस्तानं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाला, "दुकान झाडतो आमचं. बटनं आणाले धाडलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं. मी ओसरी चढलो आणि म्हटलं, "मशीन माह्या मायची हाय."

कोणीतरी माझ्या वस्तीचं नाव पुटपुटलं, तसे बायांनी मांडीवरचे झंपर हळूच खाली ठेवले. महागावचा शिंपी उठून बाजूला झाला. मी सुईखालचं कापड ओढून काढलं, दोरा तोडला, मशीनचं मुंडकं स्टँडवरून सोडवून खांद्यावर घेतलं. मला कोणी अडवलं नाही. आता तिला हात लावायला कोणी तयारच नव्हतं.

गावाबाहेर नाल्यापाशी तो धापा टाकत आला. पार्टनर, थांब ना बे, म्हणाला. त्यायनं तुले ओसरीवर बसूच देलं नसतं, धंद्यात असं बोलावं लागते, तू कायले मनावर घेतो, असं बरंच बोलला.

मी म्हटलं, "चाल वापस. तिथं सगळ्यायसमोर मले पार्टनर म्हण. मी मशीन पुन्हा मांडतो, लग्नाचं सारं शिवून देतो."

हे मी चिडवायला म्हटलं नव्हतं. त्यानं म्हटलं असतं तर मी त्याच पावली मागं फिरलो असतो. त्यानं वळून पाटलाच्या घराकडं पाहिलं. खांदा ठणकत होता तरी मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

मग त्यानं माझ्या हातातल्या पिशवीकडं बोट केलं. "बटनं देऊन दे मंग," तो म्हणाला.