गोड शेवटाच्या काकू

दिवेआगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू काहीच टाकून देत नाहीत. जुन्या साड्यांची पायपुसणी होतात, फाटक्या चादरींच्या पिशव्या. हात शिवणात असले तरी शेजारी वाचनालयातली प्रेमाची कादंबरी उघडी असते, पान उडू नये म्हणून वर अडकित्ता. छोट्या गावातली, गोड शेवटाचीच त्यांना लागते. "रडायला घरचं पुरतं की," असं म्हणतात.

मुलगा गेला तेव्हा त्यांची सून तिशीचीही नव्हती. पुढे म्हसळ्याच्या एका विधुर शिक्षकाने तिला मागणी घातली. काकूंचे दीर तावातावाने ओटीवर आले. मी तिथेच बसले होते.

"वहिनी, असली पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुमचं."

काकूंनी दोरा दातांनी तोडला. "फिरलं असेल, भावोजी. पण परक्या पोरींचं सुख वाचून मी हरखते, आणि घरातलीला नको म्हणू?"

लग्न त्यांच्याच अंगणात झालं. रुखवतही त्यांनी घरीच केलं होतं. निघताना सून गळ्यात पडून रडायला लागली. काकूंनी पदराने तिचे डोळे पुसले.

"दिवाळीला दोघं या," त्या म्हणाल्या. "आता हे तुझं माहेर."