कळवायचं राहून गेलं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कोर्टात वकिलांच्या शिव्याही खाल्ल्या. त्यातलं पुष्कळ आता डोक्यातून गेलं. आरोपींची नावं गेली, कलमं गेली. एक म्हातारा मात्र जात नाही. शिमगा सरला की तो हटकून आठवतो आणि मग दोन-चार दिवस मला जेवण गोड लागत नाही. घरच्यांना वाटतं, पित्त झालंय.

साठचं दशक मध्यावर आलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी किनाऱ्यालगतच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. बोईसरला गाडी थांबली की ट्रंका-वळकट्या घेतलेली माणसं उतरायची. कोणी घाटावरचं, कोणी खानदेशातलं, कोणी हिंदी बोलणारं. डोंगरातल्या पाड्यांवरून वारली मंडळी भातकापणी उरकून खोदकामाला यायची आणि शिमग्याला न चुकता परत जायची. चिंचणी-नवापूरच्या लोकांनी इतके परके चेहरे एका जागी कधी पाहिले नव्हते.

बांधकामाबरोबर इंग्रजीही आली. जिकडेतिकडे पाट्या. 'गेट टु बी केप्ट क्लोज्ड.' 'हेल्मेट्स टु बी वॉर्न.' मी मराठी शाळेत शिकलेला. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर होता, म्हणून चिंचणीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे रविवारी शिकायला जायचो. त्यांना मी त्या पाट्यांबद्दल विचारलं.

मास्तर म्हणाले, "ही 'टु बी'ची वाक्यं इंग्रजीत पावलोपावली भेटतील तुम्हाला. घरात, दुकानात, औषधाच्या बाटलीवर. काय व्हायला हवं ते त्यात कळतं. कोणी करायचं ते सांगावं लागत नाही. सोयीची आहेत. पण फौजदारसाहेब, जरा जपून हं. औषधाच्या बाटलीवर ठीक आहे, रोगी कोण ते ठाऊक असतं. कचेरीच्या कागदावर तसं नसतं."

यातलं पहिलं मी ऐकलं, दुसरं कानामागे टाकलं. मला त्या वाक्यांचा थाट आवडला होता. टपालातला प्रत्येक कागद माझ्यासमोर आला की मी समासात हिरव्या शाईने शेरा मारायचो. 'टु बी फाइल्ड.' 'टु बी व्हेरिफाइड.' खाली झोकदार सही. जुन्या साहेबांचा शेरा मराठीत असे, 'हवालदाराने उद्या जाऊन यावे.' मला तो गावंढळ वाटायचा.

आमचे हवालदार वयाने मोठे आणि जिभेचे तिखट. एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "चहा टु बी ब्रॉट!" सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. अर्ध्या तासाने पाहतो तर चहा कोणीच आणलेला नव्हता. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं मी. पण अक्कल अशी फुकटात आली तर ती अक्कल कसली!

शिमगा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तोच पायरीशी एक म्हातारा दिसला. अंगात बंडी, कमरेला लंगोटी, पायाला फुफाटा. दोन दिवस चालत आला होता. आमच्या भागातला वारली साहेबालाही 'तू'च म्हणतो. त्यात उर्मटपणा नसतो, त्याच्या बोलीची रीतच ती.

"सायेब, माझा पोर शिमग्याला आला नाय," तो म्हणाला. "पाड्यावरची समदी आली. तो नाय आला. तो दुसऱ्या टोळीत व्हता, कोनाला ठाव नाय. तो कुठं हाय, तेवढा सांग."

"कामावर असेल बाबा. दुसरीकडे गेला असेल."

"शिमग्याला येतोच तो. त्याची आयस दारात बसून हाय. जेवत नाय."

मी नोंद करून घेतली. पोराचं नाव, पाड्याचं नाव, पोलीस पाटलाचं नाव. म्हाताऱ्याला सांगितलं, जा, कळवतो. तो गेला नाही. ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसून राहिला.

त्याच संध्याकाळी बोईसर स्टेशनाजवळच्या चहावाल्याने खबर दिली. हा माणूस आमच्या भरवशाचा होता. म्हणाला, "साहेब, खोदकामाच्या एका टोळीतला वारली पोर थंडीत गायब झाला. मुकादमाने त्याचं गाठोडं दडवून ठेवलंय, कोणाला हात लावू देत नाही. विचारलं की अंगावर येतो."

झालं! माझ्या डोक्यात खून शिजला. नव्या फौजदाराला प्रत्येक गाठोड्यात प्रेत दिसतं. मी दोन शिपाई घेऊन गेलो आणि मुकादमाला उचलून आणला. त्याच्या खोलीत गाठोडं खरोखरच मिळालं. चादर, टॉवेल आणि घडी न मोडलेला एक नवा निळा सदरा.

मुकादम साताऱ्याकडचा, अंगाने दांडगा. दोन दिवस त्याला कोठडीत ठेवला. एकच उत्तर देत होता.

"साहेब, पोराला ताप भरला. मी सोता बैलगाडीत घालून बोईसरला नेला, तिथनं गाडीनं पालघरच्या दवाखान्यात. त्याचं गाव, बापाचं नाव, समदं लिवून दिलं. चार दिसांनी गेलो तर म्हणले, वारला."

"मग गाठोडं का दडवलंस?"

"दडवलं न्हाई, जपलं. सदरा त्यानं शिमग्यासाठी घेतला हुता. बाप न्यायला आला तर द्यायचा म्हणून. लोकांनी लांबवला असता."

"बापाला कळवलं का नाहीस?"

"दवाखान्यानं सांगितलं, पोलिसांस्नी कागद गेलाय. मला वाटलं, पोलिसांनी कळवलं असंल."

मला राग आला. पोलिसांवर ढकलतोस? मी त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. त्याने हात उचलला नाही. नुसतं म्हणाला, "मारा साहेब. पण आधी पालघरला इचारा."

पालघरला मी स्वतः गेलो. दवाखान्याच्या रजिस्टरात सगळं जसंच्या तसं होतं. ताप, चौथ्या दिवशी मृत्यू. नातेवाईक न आल्याने तीन दिवस वाट पाहून दफन. शेवटच्या रकान्यात आमच्या ठाण्याचं नाव आणि पत्राचा जावक क्रमांक.

तो क्रमांक मी कागदावर उतरवून घेतला.

ठाण्यात येऊन आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या टपालाची नोंदवही, उघडली. पत्र आलं होतं, आणि पोरगा वारला त्याच दिवशी दवाखान्याच्या माणसाने आणून दिलं होतं. फाईल काढली. पोराचं नाव, पाडा, बापाचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि समासात हिरव्या शाईने, 'रिलेटिव्ज टु बी इन्फॉर्म्ड.' खाली माझी झोकदार सही. तिच्याखाली हवालदारांची सही, त्याखाली कारकुनाची. सगळ्यांनी पाहिलं होतं.

पाडा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. हवालदारांना वाटलं, कारकून त्या ठाण्याला लिहील. कारकुनाला वाटलं, हवालदार माणूस पाठवतील. आणि मला? मला काहीच वाटलं नव्हतं. शेरा मारला की काम झालं, अशी माझी समजूत होती. एक शिपाई त्याच दिवशी सायकलवर निघाला असता तर बाप तीन दिवसांच्या आत पालघरला पोचला असता. पोराचं तोंड पाहिलं असतं. आपल्या हाताने माती दिली असती.

मुकादमाला सोडलं. मी म्हणालो, "चुकलं माझं." त्याने गाठोडं तेवढं मागून घेतलं आणि बाहेर जाऊन स्वतः म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने सदरा उलगडला, परत घडी घातली. मग माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पालघरला नेलं. दफनाच्या जागी नुसतं गवत आणि ओळीने मातीचे उंचवटे. तिथल्या माणसाने बोट दाखवलं, "यातलाच एक. बहुतेक हा." म्हातारा त्या 'बहुतेक'पाशी बराच वेळ बसला. कमरेच्या फडक्यातून घरचे तांदूळ काढून त्याने ते त्या उंचवट्यावर टाकले. थोडे शेजारच्याही दोन उंचवट्यांवर टाकले, चुकायला नको म्हणून. मी तिथून तोंड फिरवलं.

निघताना त्याने विचारलं. आवाज चढवून नाही, रस्ता विचारावा तसं.

"सायेब, माना कोन सांगनार व्हता?"

हवालदार माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "बाबा, कळवायचं राहून गेलं."

"राहला," तो म्हणाला. "बरा." आणि सदरा काखेत धरून चालू लागला. त्याला गाडीत बसवून देतो म्हणालो, तर नको म्हणाला. दोन दिवस चालत जाऊन दारात बसलेल्या बायकोला तो काय सांगणार होता, कोण जाणे.

त्यानंतर माझ्या कुठल्याही ठाण्यात नावाशिवाय शेरा चालला नाही. मराठीतही नाही. 'कळवण्यात यावे', 'चौकशी व्हावी' असं कोणी लिहिलं की मी कागद तोंडावर फेकायचो. कोण कळवणार? नाव लिही! हाताखालचे लोक मला तिरसट म्हणत. म्हणोत. पण नोकरीभर दुसऱ्यांकडून नावं लिहून घेतली, म्हणून माझं देणं फिटत नाही. म्हाताऱ्याने सरळ प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर देताना मी मराठीतसुद्धा लपायला जागा शोधली. 'राहून गेलं.' जणू छत्री राहून गेली.

तो म्हातारा आता नसणार, त्याची बायकोही नसणार. उशीर फार झाला. तरी त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर एकदा लिहून ठेवतो.

बाबा, तुला मी सांगणार होतो. मी सांगितलं नाही.