कसणाऱ्याची रेघ

सुधाकरदादा गेल्याचा फोन आला, तेव्हाही मी आधी विचारलं, "कोणी सांगितलं? नक्की का?" संशय माझ्या हाडात आहे. त्या माणसावर तर मी पहिल्या दिवसापासून संशयच घेतला... आज महिना झाला, तेच बोचतंय.

हट्टा गावाजवळच्या आमच्या शेतकरी कंपनीत ते हळदीच्या नोंदी संगणकावर आणायला आले होते. पुण्यातली नोकरी सोडून इकडे गावाकडे परत कोण येतं? काहीतरी भानगड असणार, असं मी गोदामात सगळ्यांना सांगून ठेवलं. त्यात त्यांनी महिनाभर संगणक उघडलाच नाही. भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि चौकोन काढले: शेतकरी, शेत, पोतं, गोदाम. मग चौकोनांमध्ये रेघा, आणि प्रत्येक रेघेला प्रश्न. "एका शेतकऱ्याचे दोन शेतं असतेत?" "व्हय." "आन् एका शेताचे दोन शेतकरी?" लोक हसायचे. मी हसले नाही. इतक्या चौकशा तलाठीसुद्धा करत नाही.

एक दिवस माझी पाळी आली. गोदामाची वही मी लिहिते, आणि नवरा गेल्यापासून तीन एकर हळदही मीच करते. सातबारा मात्र दिराच्या नावावर, म्हणून पोती त्याच्या नावाने उतरायची, सभासदही तोच. "ताई, तुमचं शेत कोन करतं?" दादांनी विचारलं. यांना दिरानेच पाठवलं असणार, माझी खात्रीच झाली. खरं बोलले आणि शेत हातचं गेलं तर?

"दीर करतेत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. "बरं. पन मालकाची रेघ येगळी, कसनाऱ्याची येगळी. मी दोन्ही ठिवतो."

"काहून?"

"लागंल कोनाला तरी."

पुढे पोतं कसणाऱ्याच्या नावाने उतरावं, सभासदही त्यालाच करावं, म्हणून ते सभेत भांडले. ठराव झाला. मी मागे बसून यात त्यांचा काय फायदा, तेच शोधत होते. काही सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला! असली मी.

गेल्या आठवड्यात संगणकावर नोंदी सुरू झाल्या. आमच्या शेतापुढे दोन रकाने आले. मालक: दिराचं नाव. कसणारा: रिकामं. माझं खोटं त्यांनी लिहून घेतलंच नव्हतं...

कागद अजून भिंतीवर आहे. शेतकऱ्यापासून शेतापर्यंत दोन रेघा, दुसरी, कसणाऱ्याची, पेन्सिलीची. दादा, चुकलं माझं. मी सवयीने आधी दाराकडे पाहिलं. मग संगणकावरच्या त्या रिकाम्या रकान्यात माझं नाव लिहिलं.