उसनी आई

कुत्र्या-मांजरांची पिल्लं दुकानात विकायची नाहीत असा कायदा इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फार दुःख झालं. लंडनच्या पिनर उपनगराजवळ त्यांचं पेट शॉप होतं. काचेमागे भुशावर पिल्लं झोपलेली असायची आणि शाळा सुटली की मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. आता पिल्लू विकायचं तर ते जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून. "ह्यांना माणसांपेक्षा मांजरं मोठी," अध्यक्ष गणपतीच्या मीटिंगमध्ये म्हणाले. त्याआधी दहा मिनिटं ते भूतदयेवर बोलले होते. भाषण करायला त्यांना फार आवडे. विषय कुठलाही चाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

"वहिनी, तुमची मांजर शनिवारी तासभर द्याल का?"

मला वाटलं, घरात उंदीर झाले असतील.

"नाही हो, तीन किटन्स आणलीत. बायर्सना मदर बघायची असते, लॉच आहे ना तसा. तुमची पण ग्रे, ही पण ग्रे. मॅच होतंय अगदी."

हळदीकुंकवाला चौरंग मागावा इतक्या सहज त्यांनी आई मागितली. आमच्या मांजरीचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली होती. पिल्लू हा प्रकार तिने जन्मात पाहिलेला नव्हता.

नाही म्हणायला हवं होतं. पण आम्ही पुण्याहून नवे आलो तेव्हा ह्या गृहस्थांनी दुकानावरच्या खोलीत आम्हाला सहा महिने राहू दिलं होतं, आणि तेव्हापासून एकदाही ते विसरू दिलं नव्हतं. "तासाभराने काय बिघडतंय? आपलीच माणसं," नवरा म्हणाला. आपली माणसं म्हटलं की आमच्यातल्या भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. माझीही पडली. शनिवारी मी मांजर बास्केटात घालून त्यांच्या घरी गेले.

अध्यक्षांनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मऊ गादी घालून तिच्यावर पिल्लं मांडली होती. मांडली होती, हाच शब्द बरोबर आहे. सगळ्यात लहान पिल्लू थरथरत होतं आणि त्याचा एक डोळा चिकटलेला होता.

"हे आजारी दिसतंय," मी म्हटलं.

"झोपेतून उठलंय हो," असं म्हणून त्यांनी ओल्या टिश्यूने त्याचा डोळा पुसला. पाहुणे यायच्या आधी फ्लॉवरपॉट पुसतात तसा.

मग एक इंग्लिश बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी थेट त्या लहानग्यापाशीच बसली. ते धडपडत आमच्या मांजरीच्या पोटाशी गेलं आणि लुचायला लागलं. मांजरीने फिस्कारून पंजा मारला. पिल्लू कोलमडलं, उठलं आणि परत तिथेच गेलं.

"वीनिंग," अध्यक्ष गंभीर चेहऱ्याने म्हणाले, म्हणजे आई दूध तोडतेय. "मदर्स डू दॅट." ह्या माणसाला खोटं बोलताना साधा ठसकाही लागत नाही.

बाईचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. माझी ओळख 'माय सिस्टर' अशी करून दिलेली होती. आईची तब्येत बरी आहे ना, तिची इंजेक्शनं झालीत ना, असं तिने मला विचारलं.

आमच्या मांजरीचं एकही इंजेक्शन मी कधी चुकवलेलं नाही. "सगळी झालीत," मी म्हणाले. "ती अगदी ठणठणीत आहे." बाईसमोर बोललं गेलेलं तेवढंच खरं, आणि त्यावरच विसंबून तिने पिल्लू घेतलं. डोळ्याबद्दल मी मूग गिळून गप्प बसले. मुलीने पिल्लू आपल्या कार्डिगनमध्ये गुंडाळलं आणि निघताना आमच्या मांजरीसमोर धरलं, आईचा निरोप घ्यायला.

घरी येईपर्यंत मी अध्यक्षांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या, अर्थात मनातल्या मनात. फार बरं वाटलं. त्यांना शिव्या घालत राहिलं की स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

नऊ दिवसांनी त्या बाईचा फोन आला. अध्यक्षांनी तिला दिलेल्या कागदावर स्वतःचा नंबर न लिहिता माझा लिहिला होता. बहाद्दर माणूस! पिल्लू गेलं होतं. इन्फेक्शन आधीपासूनचं होतं, असं व्हेट म्हणाला होता. ती आता तोंड सोडणार, म्हणून मी सगळं अध्यक्षांवर ढकलायची वाक्यं भराभर जुळवली.

ती भांडलीच नाही. आईलाही तोच आजार झाला असेल, ह्या काळजीने तिची मुलगी जेवत नव्हती, म्हणून तिने फोन केला होता. "प्लीज, तिला आजच व्हेटकडे न्या," ती म्हणाली. "आणि माझी मुलगी विचारतेय, पिल्लू गेलं हे तुम्ही त्याच्या आईला हळूच सांगाल का?"

आमची मांजर समोरच खिडकीत ऊन खात पसरली होती.

"सांगते," मी म्हणाले, आणि वर तिचे आभारही मानले.